वेळेचा भरवसा हेही भांडवलच



गेल्या महिन्यात एका लग्नाच्या निमित्ताने बोईसरला जाणे झाले. लग्न आटोपल्यावर एका जुन्या खातेदारांच्या घरी डोकावलो. सेवानिवृत्तीला काही वर्षे झाली; तरी ज्यांच्या वह्या आपण वर्षानुवर्षे तपासल्या, त्यांच्या घरी गेल्यावर माणूस नकळत पुन्हा बँकेच्या खुर्चीत जाऊन बसतो. शेठ आता ऐंशीच्या घरात आहेत. विजेच्या सामानाचे त्यांचे दुकान आता मुलगा सांभाळतो. सूर्यास्ताला अर्धा तास उरला होता. सूनबाईंनी ताटे मांडली होती, पण मुलगा आलेला नव्हता. सकाळी तो मुंबईला लोहार चाळीत खरेदीसाठी गेला होता आणि परतीची गाडी वाटेत एका स्थानकात उभी असल्याचा त्याचा फोन नुकताच येऊन गेला होता.

"बसा साहेब," शेठ म्हणाले, "तो काही आज चौविहाराच्या वेळेत पोहोचत नाही." मग थोडे थांबून त्यांनी मनातली गोष्ट काढली. "मुलगा म्हणतो, दुकान आणि जागा विकून भाईंदरला जाऊ. मला काही सुचत नाही. आमच्या वह्या तुम्ही पाहिल्या आहेत. तुम्हीच सांगा, विकू की ठेवू?"

त्या संध्याकाळी मी उत्तर दिले नाही. असे प्रश्न चहाच्या कपावर सोडवायचे नसतात. घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पालघर, सफाळे, बोईसर, वाणगाव, डहाणू येथील आपल्या कितीतरी घरांत आज हाच प्रश्न असेल, म्हणून तो हिशेब या महिन्याच्या लेखात मांडतो आहे.

प्रश्न वरकरणी दुकानाचा असला, तरी त्याच्या मुळाशी रेल्वे आहे. मुंबईकडून गुजरातकडे जाणारा हा लोहमार्ग बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे या कंपनीने घातला आणि १८६४ मध्ये गाडी मुंबईत ग्रँट रोडपर्यंत आली. पालघर-बोईसरच्या शेतांमधून गाडी जाऊ लागल्याला त्यामुळे दीडशेहून अधिक वर्षे झाली. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरार ते बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. पण विरारच्या पुढे उपनगरी सेवा डहाणू रोडपर्यंत पोहोचायला १६ एप्रिल २०१३ हा दिवस उजाडावा लागला. मधली १४६ वर्षे आपल्या भागाने शटल आणि मोजक्या पॅसेंजर गाड्यांवर काढली.

अलीकडच्या काळातल्या विलंबाचे एक कारण तांत्रिक होते. विरारपर्यंतचे विद्युतीकरण १९३६ मध्ये १५०० व्होल्टच्या डीसी पद्धतीने झाले, तर विरारच्या उत्तरेला पुढे २५ हजार व्होल्टची एसी पद्धत आली. मुंबईच्या जुन्या लोकल गाड्यांना ही सीमा ओलांडता येत नव्हती. २०१२ मध्ये विरारच्या अलीकडचा मार्गही एसी झाला, सीमा पुसली गेली आणि पुढच्या वर्षी डहाणू लोकल धावली. आमच्या शाखेत त्या आठवड्यात चार घरचे पेढे आले होते.

मग लोकल येऊनही शेठचा मुलगा वाटेत का अडकतो? कारण विरार ते डहाणू रोड या पट्ट्यात मार्गिका दोनच आहेत, एक जाणारी आणि एक येणारी. याच दोन मार्गिकांवरून राजधानी, शताब्दी, वंदे भारत, लांब पल्ल्याच्या मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या आणि आपली लोकल अशा सगळ्यांनी जायचे. बँकेतले उदाहरण देतो. एकाच खिडकीवर पेन्शन घेणारे आजोबा आणि लाखांची बंडले भरणारा व्यापारी दोघे एका रांगेत उभे केले, तर काय होईल? येथे रेल्वे आजोबांना सांगते, जरा बाजूला उभे राहा, मागून घाईचा माणूस येतो आहे. लोकल बाजूच्या रुळावर घेतली जाते, एक्स्प्रेस पुढे निघून जाते. यात स्टेशन मास्तरचा दोष नाही आणि मोटरमनचाही नाही. वेगवेगळ्या गतीच्या गाड्या एकाच रुळावर आल्या, की हे होणारच. पहाटेच्या एका गाडीला दहा मिनिटे उशीर झाला, तर तो मागच्या गाड्यांकडे वारशासारखा जात राहतो.

यावरचा उपाय म्हणजे दुसरी खिडकी उघडणे. विरार-डहाणू रोड मार्गाच्या चौपदरीकरणाचे काम तेच आहे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे एमयूटीपी-३ मध्ये, त्याचा समावेश असून डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हा टप्पा मंजूर केला. अंतर सुमारे ६४ किलोमीटर, मंजुरीच्या वेळचा खर्च ३,५७८ कोटी रुपये. म्हणजे किलोमीटरमागे साधारण ५६ कोटी. काम मुंबई रेल्वे विकास महामंडळाकडे आहे, ज्यात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के आणि महाराष्ट्र शासनाचा ४९ टक्के. एमयूटीपी-३ साठी आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेने ५० कोटी डॉलरचे कर्जही मंजूर केले आहे. कर्ज आले म्हणजे परतफेड आली, आणि परतफेड शेवटी तुमच्या-माझ्या करातून व तिकिटातूनच होते. म्हणून या रुळांकडे कोणी दिलेली भेट म्हणून न पाहता आपण घातलेले भांडवल म्हणून पाहिले पाहिजे आणि त्यावर परतावा काय, हे विचारले पाहिजे.

परतावा मोजताना बहुतेक जण एकच विचारतात, किती मिनिटे वाचतील? माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. दहा-पंधरा मिनिटे वाचली काय आणि न वाचली काय, त्याने कोणाचे नशीब उघडत नाही. खरा परतावा भरवशाचा आहे. गाडी ठरल्या वेळी निघेल, ठरल्या वेळी पोहोचेल आणि एक चुकली तर दुसरी फार वेळ न लावता येईल, या भरवशाला पैशांत किंमत असते. ती कशी, ते शेठच्याच जुन्या वहीवरून सांगतो.

१९९५ च्या सुमारास मी बोईसरला अधिकारी होतो. शेठच्या दुकानातून तेव्हा खरेदीच्या भावाने रोज सरासरी दहा हजारांचा माल खपत असे. दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये मात्र पंचवीस दिवसांचा माल पडून दिसे. मी एकदा हटकले, "शेठ, एवढा माल कशाला भरता? पंधरा दिवसांचा पुरेल." ते म्हणाले, "साहेब, मुंबईला जायचे म्हणजे पूर्ण दिवस जातो. परतीची गाडी मिळेल न मिळेल. म्हणून पंधरवड्यातून एकदा जातो आणि हात राखून जास्तच आणतो." दहा दिवसांचा जादा माल म्हणजे एक लाख रुपये. कॅश क्रेडिटवर तेव्हा अठरा टक्के व्याज होते. वर्षाला अठरा हजार, महिन्याला दीड हजार. त्यांच्या दुकानातल्या मुलाचा पगार तेव्हा एवढाच होता. थोडक्यात, गाडीचा भरवसा नाही म्हणून शेठ एक न दिसणारा नोकर पोसत होते आणि त्याचा पगार आमची बँक व्याजाच्या रूपाने घेत होती.

आज माल टेम्पोने येतो, ऑर्डर फोनवर जाते, हे मला मान्य आहे. तरी नवा माल डोळ्यांनी पाहणे, भाव ठरवणे, उधारीची वसुली, यासाठी माणसाला जावेच लागते. आणि माल टेम्पोतून आला, तरी गिऱ्हाईक, कारागीर आणि नोकर गाडीनेच येतात.

हा भरवसा फक्त दुकानदाराच्या कामाचा नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीतील रसायन, औषध, कापड आणि पोलादाच्या कारखान्यांत येणाऱ्या कामगाराला पाळी चुकली की दिवसाचा पगार चुकतो. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून वीज देते आहे. त्या परिसरात नोकरीसाठी बाहेरून आलेली कितीतरी कुटुंबे बोईसरला स्थिरावली. केळवे-माहीमची विड्याची पाने, वाणगावची मिरची, विक्रमगडचा मोगरा हा सगळा नाशवंत माल आहे. मोगऱ्याची टोपली दादरच्या फूलबाजारात उजाडता पोहोचली तर तिला भाव आहे, ऊन चढल्यावर पोहोचली तर नाही. भौगोलिक मानांकन मिळालेल्या डहाणू-घोलवडच्या चिकूचेही तेच. आपल्यापैकी जे झवेरी बाजाराशी संबंधित आहेत, त्यांना चिंचणी-तारापूर परिसरातले दागिन्यांचे डायमेकर ठाऊक असतील. खेड्यातल्या घरात बसून पोलादावर नक्षी कोरणारा तो कारागीर पिशवीत साचे घेऊन याच गाडीने मुंबई गाठतो. आजारी माणसाला मोठ्या इलाजासाठी मुंबईला न्यायचे, तर त्याच्या नातेवाइकांचा आधारही हीच गाडी.

येथे माझी एक चूक कबूल करतो. २०१३ मध्ये लोकल सुरू झाली तेव्हा पालघरच्या एका कापड व्यापाऱ्यांनी कर्जमर्यादा वाढवून मागितली. मी कागदावर तर्क लढवला: आता गिऱ्हाईक सरळ विरारला, दादरला जाईल, येथले दुकान बसेल. मागितली त्याच्या निम्मीच मर्यादा मी मंजुरीसाठी सुचवली. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी मला खोटे पाडले. लोकलमुळे शिक्षक, परिचारिका, कारखान्यातले कामगार भाड्याच्या खोल्या घेऊन राहायला आले. त्यात १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि सरकारी कचेऱ्यांचे मनुष्यबळ आले. चादरी, गणवेश, रोजचे कपडे यांची विक्री वाढली. त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका दुकानाची लग्नाच्या साड्यांची विक्री मात्र खरोखरच दादरला गेली आणि ते दुकान दोन वर्षांत आवरले.

म्हणजे माझा तर्क अर्धा खरा होता. गाडी गिऱ्हाईक आणते तशी नेतेही. फरक दुकानदाराच्या तयारीने पडला. पहिल्याने रोजच्या गरजेचा माल ठेवला, रात्री शेवटची गर्दी घरी परतेपर्यंत दुकान उघडे ठेवले आणि भाव वाजवी ठेवले. दुसऱ्याने पूर्वीप्रमाणेच सकाळी अकराला शटर वर केले. चार मार्गिका झाल्यावर हाच अनुभव पुन्हा, आणि अधिक मोठ्या प्रमाणावर, येणार आहे.

जमेची बाजू झाली. आता खर्चाची. केवळ रुपयांचा खर्च वहीत लिहिला, तर ती वही खोटी ठरेल. या मार्गाच्या वाटेत खाड्या आहेत, खारफुटी आहे, शेते आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेल्या निकालानुसार सार्वजनिक हिताच्या कामासाठीसुद्धा न्यायालयाच्या परवानगीवाचून खारफुटी तोडता येत नाही. अशा परवानग्यांना वेळ लागतो आणि आपण "काम रखडले" म्हणून चडफडतो. पण खारफुटी म्हणजे खाडीकाठच्या गावांची भिंत आणि असंख्य जीवांचे घर आहे. जीवदयेचा संस्कार घेऊन वाढलेल्या आपण तरी या विलंबाला निव्वळ अडथळा म्हणू नये. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात लावलेली झाडे जगली की नाही, हे विचारणारे आपल्यातून कोणी निघाले, तर अधिक बरे.

दुसरे नाव वाढीव बेटाचे. वैतरणा आणि सफाळे यांच्या दरम्यान, वैतरणेच्या पात्रात हे गाव आहे. रस्त्याची सोय नसल्याने तेथल्या माणसांवर वर्षानुवर्षे रेल्वेच्या पुलावरून चालत स्थानक गाठण्याची पाळी आली. शाळेची मुले आणि बाजारहाट करणाऱ्या बायका त्याच वाटेने गेल्या, आणि त्या वाटेवर माणसे दगावलीही. आपण डब्यात बसून त्या पुलावरून जातो तेव्हा खिडकीतून खाडीचे सुंदर दृश्य दिसते. पुलाच्या कडेला अंग चोरून उभा असलेला माणूस क्वचितच दिसतो. आता त्या पट्ट्यात रूळ वाढणार, गाड्या वाढणार. प्रवासी संघटनांनी नव्या गाड्यांच्या मागणीइतकाच आग्रह या माणसांच्या सुरक्षित वाटेसाठी धरला पाहिजे.

आणखी एक सावधगिरीची सूचना. चार मार्गिका झाल्या म्हणजे दुसऱ्या दिवशी गाड्या दुप्पट होतील, असे कोणी समजू नये. त्यासाठी डबे लागतात, मोटरमन लागतात आणि विरारच्या पुढे जागा लागते. विरार-चर्चगेट मार्ग आधीच भरलेला आहे. बोरिवली-विरार पाचवी-सहावी मार्गिका २०१९ मध्ये मंजूर झालेल्या एमयूटीपी-३अ मध्ये आहे. ती झाल्याशिवाय डहाणूहून थेट चर्चगेटला जाणाऱ्या गाड्या फारशा वाढणे कठीण. मालगाड्यांसाठी दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर असा १,५०६ किलोमीटरचा स्वतंत्र मार्ग आहे. तो पूर्ण क्षमतेने चालू लागला, की जुन्या रुळांवरचा भार हलका होईल. या सगळ्यांची गाठ एकमेकांशी आहे. एक गाठ सुटली म्हणून दोरी मोकळी होत नाही.

या काळात आपल्या भागात जागांचे दलाल मात्र फार उत्साहात आहेत. बोईसरला बुलेट ट्रेनचे स्थानक होणार, वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, आता चार मार्गिका. तेव्हा "आजच घ्या, उद्या दुप्पट" हे वाक्य रोज कानी पडते. वाढवणला तर किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांचा विरोधही आहे. तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. बँकेत असताना प्रकल्पाच्या नकाशावर विसंबून घेतलेल्या जागा आणि त्यावर थकलेली कर्जे मी पुरेशी पाहिली आहेत. सरकारी मुदत पुढे सरकते. बँकेचा हप्ता सरकत नाही. तेव्हा उधार पैशाने जागा अडवून ठेवू नये. ज्यांच्या स्वतःच्या चाळी वा खोल्या आहेत, त्यांनीही गाडी येण्याआधीच भाडे वाढवू नये. परिचारिका आणि कामगार तेथे परवडले म्हणून राहतात आणि तेच आपले गिऱ्हाईक आहेत. त्यांना पुढच्या स्थानकावर ढकलले, तर दुकानात येणार कोण?

आता शेठच्या प्रश्नाचे उत्तर. परवा त्यांना फोन केला आणि सांगितले: विकू नका. भाईंदरला तेवढ्या पैशांत जे दुकान मिळेल, ते याच्या चौथा हिस्साही नसेल, आणि तीस-चाळीस वर्षांची पत तेथे बरोबर नेता येत नाही. पण रेल्वे येणार म्हणून नुसते बसूनही राहू नका. पडून असलेला माल यंदाच्या दिवाळीपर्यंत निम्मा करा. मुलाने मुंबईच्या खेपा कमी करून औद्योगिक वसाहतीतल्या दुरुस्ती-देखभालीच्या ऑर्डरी धराव्यात. गिऱ्हाईक दारात आहे. दुकानात आसपासच्या पाड्यांवरची दोन मुले-मुली शिकवून तयार करा. आणि प्रवासी संघटनेच्या सभेला वर्षातून दोनदा तरी मुलाला पाठवा. वेळापत्रक ठरताना व्यापारी गप्प बसतो आणि नंतर फलाटावर बोलतो, ही आपली जुनी सवय आहे.

शेठ ऐकत होते. मग म्हणाले, "साहेब, त्या दिवशी तुम्ही गेलात, मुलगा सव्वाआठला आला. सूर्य मावळायच्या आत उभ्या गाडीत दोन खाकरे खाल्ले म्हणाला. आईने ताट उचलून ठेवले होते. त्यालाच वाईट वाटले, मी काही बोललो नाही."

काही वर्षांनी चारही मार्गिकांवरून गाड्या धावू लागतील, तेव्हा समारंभात मोठे आकडे सांगितले जातील. मी मात्र शेठना फोन करून एवढेच विचारणार आहे, की मुलगा संध्याकाळी ताटावर वेळेत बसतो का. त्याचे उत्तर "हो" आले, तर ३,५७८ कोटींच्या त्या खात्यावर मी माझ्यापुरती हिशेब जुळल्याची खूण करीन.

जय जिनेंद्र.